चार ट्रॅकच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि हद्दीपलीकडच्या चंदगड भागातील भजनी मंडळे, हौशी नाट्यसंस्था आणि लग्नसराईत वाजवणारे ऑर्केस्ट्रा यांच्या कपाटांत १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या काही कॅसेट अशा सापडतात, की ज्या घरच्या टेपरेकॉर्डरवर धड वाजत नाहीत आणि म्हणून ‘खराब’ असा शेरा मारून बाजूला टाकल्या जातात. त्यांतल्या बऱ्याच कॅसेट खराब नसून चार ट्रॅकच्या असतात. अशा कॅसेट घेऊन येणारी मंडळी जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

आमच्या कॅसेटच्या एका बाजूला फक्त पेटी आणि पखवाज ऐकू येतो. दुसऱ्या बाजूला सगळेच उलटे वाजते. कॅसेट बिघडली आहे का?

नाही. उलट हीच चार ट्रॅकच्या कॅसेटची खूण आहे. कॅसेटमधील फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि नेहमीच्या स्टीरिओ कॅसेटमध्ये तिच्यावर चार समांतर पट्टे, म्हणजे ट्रॅक, असतात: दोन पहिल्या बाजूचे आणि दोन, विरुद्ध दिशेने भरलेले, दुसऱ्या बाजूचे. चार ट्रॅकचे यंत्र हे चारही पट्टे एकाच दिशेने आणि एकाच वेळी वापरते. त्यामुळे अशी कॅसेट साध्या डेकवर लावली, की पहिल्या बाजूला पहिला आणि दुसरा ट्रॅक डाव्या-उजव्या स्पीकरमधून येतात, आणि कॅसेट उलटवली की तिसरा व चौथा ट्रॅक शेवटाकडून सुरुवातीकडे वाजू लागतात. मुख्य गायकाचा आवाज पुष्कळदा याच दुसऱ्या जोडीत असतो. एका मंडळाने ‘बुवांचा आवाज पुसला गेला’ असे समजून वर्षानुवर्षे हळहळ केली होती. तो चौथ्या ट्रॅकवर शाबूत होता.

याखेरीज सगळे गाणे संथ, जाड आणि एक सप्तक खाली ऐकू येत असेल, तर कॅसेट दुप्पट वेगाने भरलेली आहे असे समजावे.

अशा कॅसेट कोणत्या यंत्रावर भरल्या जात?

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट आणली ती मुख्यतः बोलणे टिपण्यासाठी. तिच्यावर चार ट्रॅकचे ध्वनिमुद्रण घरबसल्या करता येईल असे पहिले यंत्र टीॲक कंपनीने १९७९ मध्ये आणले, ते पोर्टास्टुडिओ १४४. त्यानंतर टास्कॅम, फॉस्टेक्स आणि यामाहा यांची अनेक यंत्रे आली. आपल्या भागात मी पाहिलेली यंत्रे प्रामुख्याने आखाती देशांत नोकरीला असलेल्या नातेवाइकांनी किंवा गोव्यातील वादकांनी आणलेली होती, त्यामुळे एकाच गावात दोन मंडळांची यंत्रे वेगवेगळ्या जातीची असणे नवलाचे नाही.

जात ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण वेग त्यावर ठरतो. साध्या कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर असतो. पोर्टास्टुडिओ १४४ सारखी यंत्रे ९.५ सेंटिमीटर वेगाने चालत, तर १९८३ चे फॉस्टेक्स एक्स-१५ किंवा टास्कॅमचे पोर्टा वन ही स्वस्त यंत्रे साध्याच वेगाने चालत. दुप्पट वेगाने आवाज स्वच्छ येई, पण साठ मिनिटांच्या कॅसेटवर चार ट्रॅकचे जेमतेम १५ मिनिटांचे काम मावत असे. एकेक अभंग एकेका कॅसेटवर का आहे, याचे कारण पुष्कळदा हेच असते. क्वचित आठ ट्रॅकची कॅसेटही येते. ती चार ट्रॅकच्या यंत्रावर वाजवली तर शेजारचे दोन-दोन ट्रॅक एकत्र मिसळून ऐकू येतात. तिला आठ ट्रॅकचेच यंत्र लागते.

यंत्र नसेल तर साध्या डेकवर दोन्ही बाजू वाजवून संगणकात जोडता येणार नाहीत का?

जोडता येतात आणि दुसरा मार्गच नसेल तेव्हा मीही तसे केले आहे. मात्र ही पहिली निवड नव्हे. दुसरी बाजू संगणकात उलटी करून घ्यावी लागते. त्या बाजूला डावीकडून चौथा आणि उजवीकडून तिसरा ट्रॅक येतो, हे लक्षात ठेवावे लागते. दुप्पट वेगाची कॅसेट असेल तर फाइलचा वेगही दुप्पट करावा लागतो. इथपर्यंत सारे सोपे आहे. खरी अडचण ही, की कोणताही डेक दोन वेळा अगदी सारख्या वेगाने चालत नाही. वेगात हजारात एक इतका फरक पडला तरी १५ मिनिटांच्या शेवटी दोन जोड्यांमध्ये सुमारे ०.९ सेकंदाचे अंतर पडते, आणि भजनात पखवाज व टाळ यांच्यात एवढे अंतर पडले तर सम कुठे आहे हेच कळेनासे होते. शिवाय हे अंतर सरळ रेषेत वाढत नाही. डेक मध्येच रेंगाळतो, मध्येच सावरतो, म्हणून फाइल दर काही मात्रांवर कापून बसवावी लागते. चारही ट्रॅक एकाच वेळी उतरवले तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

काही छोट्या चार ट्रॅक यंत्रांना प्रत्येक ट्रॅकसाठी स्वतंत्र आउटपुट नसते, डावे आणि उजवे एवढेच असते. तिथे एका फेरीत पहिला ट्रॅक पूर्ण डावीकडे व दुसरा पूर्ण उजवीकडे, आणि पुढच्या फेरीत तिसरा-चौथा असे उतरवावे लागते. त्यातही वरचीच अडचण येते, मात्र कमी प्रमाणात, कारण दिशा आणि हेड तेच राहतात.

कपाटातले मूळ यंत्र सापडले आहे. चालू करून पाहू का?

लगेच करू नये. प्रथम मागच्या बाजूचा विद्युत्दाब वाचावा. जपान किंवा अमेरिकेतून आलेले यंत्र १०० किंवा १२० व्होल्टचे असू शकते; ते आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावले तर क्षणात जळते. त्यासाठी दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. दुसरे म्हणजे आतील रबरी बेल्ट. वीस-तीस वर्षे पडून राहिलेले बेल्ट सैल पडतात किंवा वितळून काकवीसारखा काळा चिकटा होतात, आणि असे यंत्र फीत ओढण्याऐवजी ती गुंडाळून चावून टाकते. बेल्ट बदलून, पिंच रोलर (फीत दाबून धरणारे रबरी चाक) तपासून आणि आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट वाजवून पाहूनच मंडळाची कॅसेट आत घालावी.

वाजवण्यापूर्वी कॅसेटवर काय करावे?

सर्वप्रथम मागच्या कडेची दोन्ही प्लॅस्टिकच्या पाकळ्या मोडाव्यात, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही भरले जाणार नाही. त्यानंतर फितीच्या मागे असलेली लहान बनातीची गादी जागेवर आहे का हे पाहावे. ती निखळली असेल तर फीत हेडला टेकत नाही आणि आवाज येतो-जातो. अशा वेळी स्क्रू असलेल्या दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात फीत हलवावी लागते. पूर्वीप्रमाणे पेन्सिल घालून थोडी फीत हाताने फिरवून पाहिली, की ती आत अडकलेली आहे का हे कळते.

यंत्राची हेड आणि कॅप्स्टनचा (फीत ओढणारा) दांडा ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. हातावर चोळायचा सॅनिटायझर चालत नाही, कारण त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते. हे सांगावे लागते याचे कारण तसे करून आलेले यंत्र मी पाहिले आहे.

फितीवर पांढरी बुरशी दिसते. आता काय?

कणकुंबी, जांबोटी आणि खानापूरच्या पश्चिमेकडील पावसाच्या पट्ट्यातून आलेल्या कॅसेटमध्ये हे नेहमीचे आहे, विशेषतः त्या कौलाखालच्या माळ्यावर ठेवलेल्या असतील तर. अशी कॅसेट चांगल्या यंत्रात घालू नये, कारण बुरशी हेडवरून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती इतरांपासून वेगळी करावी, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात काही आठवडे ठेवावी आणि मग नाका-तोंडाला मास्क लावून, हळूहळू फिरवत, कोरड्या मऊ कापडाने फितीच्या कडा स्वच्छ कराव्यात. उन्हात वाळवणे किंवा ओव्हनमध्ये तापवणे या दोन्ही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. तापवण्याचा उपाय स्टुडिओतील विशिष्ट जातीच्या मोठ्या रिळांसाठी आहे, तो कॅसेटला लागू करू नये. मी स्वतः अशी कामे पावसाळ्यात घेत नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, की फीतही अधिक समंजसपणे वागते.

उतरवलेला आवाज गोधडीतून आल्यासारखा बोदा का येतो?

बहुतेक वेळा हेडच्या कोनामुळे. हेडमधील अतिसूक्ष्म फट फितीच्या प्रवासाला बरोबर काटकोनात असावी लागते. या कोनाला ॲझिमथ म्हणतात. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचा कोन आणि ज्या यंत्रावर ती वाजते त्याचा कोन यांत किंचित फरक असला, तरी उंच स्वर, म्हणजे टाळांची किणकिण आणि शब्दांतील स, श, च, नाहीसे होतात. हेडशेजारचा लहान स्क्रू थोडा-थोडा फिरवून हा कोन जुळवता येतो. मात्र फिरवण्यापूर्वी त्याची मूळ जागा रंगाच्या ठिपक्याने खुणावून ठेवावी.

साध्या स्टीरिओ कॅसेटसाठी पुस्तकी पद्धत अशी, की डावा-उजवा आवाज एकत्र करून सर्वांत स्वच्छ येईल तिथे थांबावे. चार ट्रॅकच्या कॅसेटला ही पद्धत बहुधा लागू पडत नाही, कारण प्रत्येक ट्रॅकवर वेगळेच वाद्य असते आणि दोन ट्रॅकमध्ये जुळवण्यासारखे समान काही नसते. अशा वेळी कानच कामाला येतो, आणि कानासाठी टाळांचा किंवा झांजेचा ट्रॅक सर्वांत उपयोगी. केवळ पेटीवर कोन जुळवू गेल्यास दहा ठिकाणी ‘बरोबर’ वाटते. टाळ वाजू लागला, की बरोबर जागा एकच उरते.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. ज्या यंत्रावर कॅसेट भरली तेच यंत्र हाती असेल आणि मधल्या काळात कोणी त्याच्याशी खेळले नसेल, तर स्क्रूला हात लावू नये. त्याचा कोन वाकडा असला तरी कॅसेटही त्याच वाकड्या कोनात भरलेली आहे.

डीबीएक्स आणि डॉल्बी यांचे बटण चालू ठेवावे की बंद?

भरताना जसे होते तसे. फितीचा सूं असा आवाज दाबण्यासाठी या पद्धती आवाजाला भरताना एका रीतीने बदलतात आणि वाजवताना नेमके उलट करून पूर्ववत करतात. डॉल्बी बी ने हा सूंकार सुमारे १० डेसिबल, डॉल्बी सी ने सुमारे २० आणि डीबीएक्सने सुमारे ३० डेसिबल कमी होतो. डीबीएक्स भरताना आवाजातील चढउतार निम्मे करते आणि वाजवताना दुप्पट करते. म्हणूनच डीबीएक्सने भरलेली कॅसेट बटण बंद ठेवून वाजवली, तर सगळे एकाच पातळीवर, कर्कश आणि दाटीवाटीचे ऐकू येते, दोन शब्दांच्या मधल्या शांततेत सूंकार फुगतो; आणि साधी कॅसेट बटण चालू ठेवून वाजवली, तर आवाज धाप लागल्यासारखा खालीवर होतो.

कॅसेटवर लिहिलेले नसेल तर दोन्ही प्रकारे ऐकून ठरवावे, आणि ते प्रत्येक ट्रॅकसाठी ठरवावे, कारण काही यंत्रांत चौथ्या ट्रॅकपुरते डीबीएक्स बंद ठेवण्याची सोय होती. योग्य यंत्र नसेल आणि केवळ साधा डेक असेल तर बटण बंद ठेवून कच्चा आवाज उतरवावा. डीबीएक्सची उकल नंतर संगणकावर करता येते आणि ती आवाजाच्या पातळीवर फारशी अवलंबून नसते. डॉल्बीचे तसे नाही. भरतानाची आणि वाजवतानाची पातळी जुळली नाही, तर डॉल्बीची उकल चुकते. माझ्या सुरुवातीच्या काळात एका नाट्यसंस्थेच्या तीन कॅसेट मी बटण न पाहता उतरवल्या आणि ‘जुन्या टेपचा आवाज असाच असतो’ असे सांगून परत दिल्या. चूक लक्षात आल्यावर त्या पुन्हा मागवून घ्याव्या लागल्या. तेव्हापासून बटणांची स्थिती कागदावर लिहिल्याशिवाय मी फीत सुरू करत नाही.

संगणकाला काय जोडावे आणि फाइल कोणत्या स्वरूपात ठेवाव्यात?

लाइन पातळीची चार इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे टेपयंत्राचा आवाज संगणकात पोचवणारा जोडडबा. लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात वायर घालून हे काम होत नाही. फाइल २४ बिटच्या आणि ९६ किलोहर्ट्झच्या, कोणतेही आकुंचन न केलेल्या वेव्ह स्वरूपात ठेवाव्यात. जागेची अडचण असेल तर ४८ किलोहर्ट्झ पुरते, पण २४ बिट सोडू नयेत. ९६ किलोहर्ट्झला चार ट्रॅकना मिनिटाला सुमारे ६९ एमबी जागा लागते, म्हणजे १५ मिनिटांची कॅसेट साधारण १ जीबीची होते. पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा आवाजही कमाल मर्यादेच्या ६ ते १२ डेसिबल खाली राहील. एमपी३ केवळ मोबाइलवर पाठवण्यासाठी करावी.

मधेच लाइट गेली तर?

इंटरफेस, संगणक आणि टेपयंत्र तिन्ही यूपीएसवर ठेवावीत. मात्र स्वस्त इन्व्हर्टरची वीज आवाजात घरघर मिसळते, म्हणून वीज गेल्यास तो भाग पुन्हा उतरवावा.

गाणे मूळ पट्टीत आहे की नाही, हे कसे ओळखावे?

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा खोल आहे. या यंत्रांवर वेग कमी-जास्त करण्याचा खटका असे आणि गायकाचा आवाज वर पोचत नसला, की वादक मंडळी तो सर्रास वापरत. सहा टक्के वेग वाढला, की पट्टी जवळपास अर्ध्या स्वराने चढते: पांढरी चारमधले गाणे थेट शेजारच्या काळी तीनमध्ये जाऊन बसते, आणि नंतर ऐकणाऱ्याला तो मुद्दाम केलेला बदल की यंत्राचा दोष हे कळत नाही.

एक खूण फितीवरच असते. खराब वायरमुळे शिरलेली विजेची घरघर ५० हर्ट्झची असते. संगणकावर ती ५३ वर दिसली तर कॅसेट सुमारे सहा टक्के जलद चालते आहे असा अर्थ निघतो. परंतु त्या दशकांत दक्षिणेकडील वीजपुरवठ्याची वारंवारता ५० च्या खाली घसरणे नित्याचे होते, त्यामुळे या खुणेवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. त्याहून भरवशाचा साक्षीदार म्हणजे त्या मुद्रणात वाजलेली प्रत्यक्ष पेटी. बेळगाव हे पेटीवादक पं. रामभाऊ बिजापुरे (१९१७–२०१०) यांचे गाव. इथे पेटी टाकून देण्याची रीत नाही आणि मंडळाची जुनी पेटी कोणाच्या तरी घरी निघतेच. ती आणून गाण्याचा षड्ज तिच्यावर लावून पाहावा. ते शक्य नसेल तर मूळ फाइलला हात न लावता, तिच्या प्रतीवर वेग बदलावा आणि किती बदलला ते नोंदवावे.

पखवाज, टाळ आणि कोरस एकाच ट्रॅकवर आहेत. ते वेगळे नाहीत का भरले?

वेगळे भरले होते, पण चार ट्रॅक अपुरे पडले म्हणून तीन ट्रॅकचे मिश्रण चौथ्यावर उतरवून पहिले तीन पुन्हा वापरले गेले. मूळ तीन त्याच वेळी पुसले गेले. एखाद्या ट्रॅकवर फॅक्ससारखी सलग किंकाळी असेल तर तो कीबोर्ड किंवा ताल-यंत्र जुळवण्याचा संकेत आहे. तोही इतर ट्रॅकप्रमाणेच जपावा.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने साध्या कॅसेटमधूनही वाद्ये वेगळी काढता येतात. मग हा खटाटोप कशाला?

ती साधने मिसळलेल्या आवाजातून अंदाजाने वाद्ये वेगळी करतात आणि तो अंदाज पखवाज व चौंडक्यासारख्या वाद्यांवर बऱ्याचदा फसतो. चार ट्रॅकच्या कॅसेटवर वाद्ये मुळातच वेगळी आहेत. केवळ मिश्रण केलेली कॅसेट उरली असेल, तरच ही साधने वापरून पाहावीत.

खरखर काढून, इको देऊन आवाज ‘गोड’ करून मिळेल का?

मिळेल, पण प्रतीवर. चारही ट्रॅक कोणतीही प्रक्रिया न करता जसेच्या तसे ठेवणे ही माझी अट आहे. आज चांगले वाटणारे मिश्रण दहा वर्षांनी बटबटीत वाटू शकते, आणि मूळ ट्रॅक असतील तर तेव्हा नव्याने करता येते. मंडळातील जी व्यक्ती त्या मुद्रणाला हजर होती तिला मिश्रणाच्या वेळी शेजारी बसवावे. कोणाचा आवाज पुढे ठेवायचा हे तिला ठाऊक असते.

नोंदी कशा ठेवाव्यात?

कॅसेटच्या लेबलचा फोटो काढावा आणि त्यावर जे लिहिले आहे ते, कन्नडमध्ये असो वा मराठीत, अक्षरशः उतरवून घ्यावे. ‘आषाढी, शके १९०८’ असे लिहिले असेल तर ते तसेच ठेवून शेजारी १९८६ लिहावे. गावाचे नाव बेलगाम असेल तर बेलगामच राहू द्यावे. अधिकृत इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदलले म्हणून जुने लेबल बदलत नाही. कोणत्या ट्रॅकवर कोण, यंत्र कोणते, वेग किती, डीबीएक्स की डॉल्बी, कोन हलवला का, ही माहिती प्रत्येक कॅसेटच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असावी.

हे मुद्रण यूट्यूबवर टाकता येईल का?

संतांच्या अभंगांचे शब्द सर्वांचे आहेत, परंतु चाल आणि गायन यांवर हक्क असू शकतो. भारतीय कायद्यानुसार कलाकाराचा हक्क सादरीकरणानंतर ५० वर्षे आणि प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षे राहतो. म्हणून गायक-वादकांची, ते हयात नसल्यास घरच्यांची, लेखी संमती घ्यावी.

काम झाल्यावर कॅसेट टाकून द्यावी का?

देऊ नये. ती पूर्णपणे एका बाजूला गुंडाळून, खोक्यात उभी ठेवून, स्पीकर आणि मोटारी यांच्यापासून दूर, घरातील सर्वांत कोरड्या खोलीत ठेवावी. फाइलच्या तीन प्रती कराव्यात आणि त्यांतली एक निराळ्या गावात असावी. बेळगावच्या मंडळाने एक हार्ड डिस्क निपाणीच्या पाहुण्यांकडे ठेवली तरी पुरते, फक्त ती वर्षातून एकदा जोडून उघडते का ते पाहावे.